बेहालाच्या घरातली लाकडी जमीन

ह्यांची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. तोवर सामान बांधण्यात मी एवढी तरबेज झाले होते की लोणच्याच्या बरण्या गादीत गुंडाळून, तेलाचा एक थेंब न सांडता, देशाच्या या टोकाहून त्या टोकाला नेत असे. सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. ह्यांचं सरकारी ऑफिस खिदिरपूरच्या गोदीत, आणि घर बेहालाला, ट्रामच्या रस्त्यापासून आत एका गल्लीत. वरच्या मजल्यावर आम्ही तिघं: हे, मी आणि माझ्या सासूबाई. खाली घरमालक.

घरमालक मराठीच होते, पण कलकत्त्यातली तिसरी पिढी. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मराठी त्यांना यायचं, पण बंगालीच्या वळणाने. बंगालीत पाणीही खातात आणि क्रियापदाला बाई-पुरुष असा भेद नसतो. पहिल्याच दिवशी ते जिन्यात उभे राहून म्हणाले, "सूनबाई, चहा खाणार? दूध आला आहे." सासूबाई साताऱ्याच्या शाळेत पंचवीस वर्षं मराठी शिकवून आलेल्या. त्यांचा हात नकळत लाल पेन्सिल शोधू लागलेला मी पाहिला.

घराची जमीन लाल सिमेंटची होती, कडेने काळा पट्टा. वर्षानुवर्षं पुसून पुसून तिला अशी चकाकी आली होती की सासूबाई म्हणायच्या, इथे आरशाची गरज नाही, खाली बघून कुंकू लावावं. पण पावसाळ्यात त्या जमिनीला घाम फुटायचा. कलकत्त्याची हवाच तशी, माणसं घामेजतात तशी फरशीही घामेजते. आमच्या पहिल्याच पावसाळ्यात एका रविवारी हे पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघरातून निघाले आणि बाहेरच्या खोलीत बसूनच पोचले. बशी हातात शाबूत होती. पोहे कपाटाखालून मी पुढे दोन दिवस काढत होते.

त्याच आठवड्यात ह्यांच्या मोठ्या साहेबांनी त्यांना अलीपूरच्या बंगल्यावर चहाला बोलावलं. तिथे साहेबी काळातली लाकडी जमीन होती. हे परत आले ते वेगळेच होऊन. चपला काढता काढता म्हणाले, "अगं, पायाखाली लाकूड असलं ना, की माणूस वेगळा चालतो."

"कसा?" मी विचारलं.

ह्यांनी खोलीभर चालून दाखवलं. मला काही फरक दिसला नाही. सासूबाई म्हणाल्या, "जपून. अजून ओली आहे."

पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती पार पाडल्याशिवाय ह्यांना चैन पडत नसे. अस्सल सागाच्या जाड फळ्या आपल्याला परवडणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं. मग ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की खिदिरपूरच्या पलीकडे चहाच्या पेट्यांसाठी प्लायवूड करणारा एक छोटा कारखाना आहे. त्याचा मालक हौशी आहे, आणि तो एक नवीच फळी करून बघतो आहे: खाली साध्या लाकडाचे थर, वर सागाचा पातळ थर, सगळे एकमेकांना चिकटवलेले. हे दोन शनिवार तिकडे जाऊन आले आणि तिसऱ्या शनिवारी जेवताना त्यांनी आम्हाला ते शास्त्र समजावून सांगायला घेतलं. डब्यातल्या तीन पोळ्या काढून त्यांनी एकावर एक ठेवल्या.

"ही खालची उभी. ही मधली आडवी. ही वरची परत उभी. म्हणजे एक थर फुगायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. समजलं?"

सासूबाईंनी पोळ्यांकडे नीट पाहिलं. "पोळी गोल असते," त्या म्हणाल्या. "तिच्यात उभं-आडवं कुठून आलं?"

"आई, समज."

"समजायचं काय त्यात? खाली ठेव. मला वाढायच्या आहेत."

काकांची परवानगी घेण्याचं काम ह्यांनी माझ्यावर सोपवलं. काका व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागदावर खोलीची लांबी-रुंदी मांडली, फळ्या किती लागतील तेही काढलं आणि मग म्हणाले, "करा. पण एक खिळा मारायचा नाही. माझा जमीन माझी बापाने केला आहे."

सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. "माझी जमीन. माझ्या बापाने. केली," त्या शांतपणे म्हणाल्या.

"हो, हो, वहिनी," काका म्हणाले. "तुमची पण आहे."

खिळा नाही म्हटल्यावर मिस्त्री शोधणं आलं. कारखान्याच्या मालकानेच एक म्हातारा मिस्त्री पाठवला. सगळं आयुष्य त्याने जहाजांच्या केबिनी सजवण्यात घालवलं होतं. किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि चालणं एखाद्या न्यायाधीशासारखं. त्याने सांगितलं की खिळ्याची गरजच नाही. प्रत्येक फळीला एका बाजूने जीभ काढायची, दुसऱ्या बाजूने खाच, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवायची आणि जरासा सरस लावायचा. खाली डांबरी कागद अंथरायचा. सगळी जमीन मिळून एकच मोठा पाट होईल आणि तो नुसता ठेवलेला राहील. हे एवढे खूश झाले की त्यांनी मिस्त्रीला तिथल्या तिथे दुसरा चहा पाजला.

फळ्या हातगाडीवरून आल्या. मिस्त्रीने त्या बाहेरच्या खोलीत मधोमध एकावर एक रचल्या, दोन थरांमध्ये हवा खेळावी म्हणून काठ्या घातल्या, आणि खांद्यावर पिशवी टाकून तो निघाला.

"काम कधी सुरू?" ह्यांनी हिंदीत विचारलं.

"एकवीस दिन," मिस्त्री म्हणाला.

"एकवीस दिवस कशाला?"

"काठ को घर पहचानने दीजिए, बाबू." लाकडाला या घराची हवा ओळखीची होऊ दे, तोवर त्याला हात लावायचा नाही. हे त्याने अशा आवाजात सांगितलं की ह्यांच्यासारख्या अधिकाऱ्यानेही उठून त्याला दार उघडून दिलं.

मग एकवीस दिवस आम्ही त्या ढिगाभोवती राहिलो. खोलीत येणाऱ्याला भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखं आडवं सरकत खुर्चीपर्यंत जावं लागे. पण ढिगाची उंची नेमकी पाटाची. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी त्यावर बसून तांदूळ निवडले, पाचव्या दिवशी दुपारची झोप काढली, आणि आठवड्याने तो त्यांचाच झाला. मिस्त्री दर चार दिवसांनी येई. फळीवर तळहात ठेवी, बोटाच्या पेराने टकटक करी, कान लावी. डॉक्टर तपासतो तसं आम्ही श्वास रोखून बघत असू. मग तो मान हलवी. "ना. एखन ना." अजून नाही.

त्यानंतर तो चहा घेई आणि सासूबाईंशी गप्पा मारी. सासूबाईंना बंगाली येत नव्हतं, मिस्त्रीला मराठी. त्या त्याला साताऱ्याच्या विहिरीबद्दल सांगत, तो त्यांना बहुधा जहाजांबद्दल सांगे. दोघं एकमेकांच्या बोलण्याला योग्य जागी हसत. तो त्यांना 'मा' म्हणे आणि मला 'बौमा', म्हणजे सूनबाई. एकदा मी विचारलं, "आई, तुम्हाला कळतं काय हो तो काय म्हणतो ते?" तर म्हणाल्या, "त्याच्या सुनेचं आणि मुलीचं पटत नाही. कळायला काय लागतं?"

एकविसाव्या दिवशी मिस्त्रीने फळीला कान लावला आणि पहिल्यांदाच हसला. दोन दिवसांत जमीन घातली गेली. काय दिसायची ती! खिडकीतून ऊन आलं की सागाच्या रेषा मधासारख्या चमकायच्या. जमीन वर उचलली गेल्यामुळे दार आत उघडेना, तेव्हा मिस्त्रीने दार उतरवून, खालून रंधा मारून परत बसवलं. सासूबाईसुद्धा अनवाणी दोन फेऱ्या मारून आल्या आणि म्हणाल्या, "चांगलं लागतंय पायाला."

फक्त एक गोष्ट ह्यांना खटकली. मिस्त्रीने चारी भिंतींच्या कडेने बोटभर फट मोकळी ठेवली होती.

"ही कशासाठी?"

"काठ साँस लेगा," मिस्त्री म्हणाला. पावसाळा जाऊ दे, लाकूड किती हलतं ते बघू, मग मी येऊन पट्ट्या मारून फट झाकतो. तोवर तिला शिवायचं नाही. आणि माझ्याकडे वळून त्याने दुसरी ताकीद दिली: जमीन सुक्या फडक्याने पुसायची. पाणी लावायचं नाही. "बौमा, पानी एकदम ना."

या दोन्ही आज्ञा आम्ही मान डोलावून ऐकल्या.

ह्यांचं म्हणाल तर गोदीत काम करणारा माणूस. मालाच्या पेट्यांमध्ये बोटभर फट दिसली तर अहवाल मागवणारा. स्वतःच्या घरात चारी बाजूंनी फट बघून त्यांची झोप उडाली असावी. त्यात त्यांनी उत्साहाच्या भरात मोठ्या साहेबांना पुढच्या रविवारी चहाला बोलावून ठेवलं होतं. मधे एका सुट्टीच्या दिवशी मी आणि सासूबाई बाजारात गेलो. परत आलो तर हे गुडघ्यांवर बसलेले, हातात पुट्टीचा गोळा. उरलेल्या फळ्यांचे तुकडे फटीत ठोकून, वरून पुट्टी भरून, त्यांनी तीन भिंतींच्या कडा बंद केल्या होत्या. चौथी चालू होती.

"अहो, मिस्त्रीने नको सांगितलं होतं."

"मिस्त्री जहाजातला आहे," हे म्हणाले. "जहाज हलतं. घर हलतं का?"

खरं सांगायचं तर पुढे बोलायला मला तोंडही नव्हतं. कारण मी त्या जमिनीला रोज पाणी लावत होते.

मी तरी काय करणार? पाण्याने पुसल्याशिवाय जमीन स्वच्छ झाली असं माझं मन मानेना. सुकं फडकं फिरवलं की वाटे, आपण धूळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पाहुणी म्हणून पाठवतो आहोत. पहिले दोन दिवस मी कळ काढली. तिसऱ्या दिवसापासून हे ऑफिसला गेले आणि सासूबाई पूजेला बसल्या की मी बादली घेऊन बसत असे. अगदी फडकं पिळून, असं मी मनाला सांगे. साहेब येणार म्हणून शनिवारी तर मी दोनदा पुसलं, आणि दुसऱ्यांदा फार पिळलंही नाही. त्या आठवड्यात बाहेर पावसाची झड लागली होती. फडकी तीन तीन दिवस वाळत नव्हती, खिडक्या फुगून नीट लागत नव्हत्या.

रविवारी सकाळी हे चहाचा कप घेऊन दारापाशी गेले आणि अडखळले. खाली पाहिलं. दारापासून हातभर आत जमिनीला टेंगूळ आलं होतं. परातीएवढं असेल, मधोमध चांगलं चार बोटं वर. हे त्याच्यावर उभे राहिले तर ते कुरकुरत खाली गेलं. बाजूला झाले तर परत वर आलं.

"चटई घाला त्यावर," सासूबाई म्हणाल्या. चटई घातली. आता चटईला टेंगूळ दिसू लागलं.

दुपारपर्यंत ते थोडं अजून वाढलं, आणि पाच वाजता जेव्हा काकांनी खालून ओरडून सांगितलं, "सूनबाई, तुमची साहेब आली!" तेव्हा आमच्या लक्षात आलं की दार उघडत नाही. ते वीतभर उघडे आणि टेंगळाला अडून थांबे.

मोठे साहेब उंचीने बेताचे आणि रुंदीने भरपूर होते. ते जिना चढून धापा टाकत दारापाशी आले. वीतभर फटीतून ह्यांनी हात बाहेर काढला आणि साहेबांनी तो हलवला. "गुड ईव्हनिंग, सर," हे आतून म्हणाले. "वेलकम."

"मी आत कुठून यायचं?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

हे घामाघूम. तेवढ्यात सासूबाई शांतपणे पुढे झाल्या, पदर खोचला आणि दाराला जागा सोडून टेंगळाच्या आतल्या अंगावर उभ्या राहिल्या. ते थोडं दबलं. दार आणखी वीतभर उघडलं. "ये गं तू पण," त्या मला म्हणाल्या. मी हातात वड्यांची ताटली घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. मग हे. तिघांच्या वजनाने टेंगूळ जमिनीत गेलं. हे दाराला हात घालून खेचायला लागले, आणि साहेब पोट आत ओढून, आडवे होऊन, आत शिरले. आत आल्यावर त्यांना दिसलं ते असं: त्यांचा हाताखालचा अधिकारी, त्याची आई आणि त्याची बायको दाराजवळ एका चटईवर एकमेकांना खेटून, फोटो काढून घेत असल्यासारखे उभे.

"या, बसा," सासूबाई मराठीत म्हणाल्या आणि खाली उतरल्या. आमच्या पायाखालून जमीन कुरकुरत वर आली.

साहेबांनी ते पाहिलं. त्यांनी बूट काढले. सावकाश टेंगळावर चढले. ते खाली गेलं. उतरले. वर आलं. परत चढले. मला वाटलं, संपलं, ह्यांची पुढची बदली आता अंदमानला. पण साहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "माझ्या बंगल्यातली हे करत नाही," ते म्हणाले. आणि मग हसत सुटले. एवढ्या मोठ्या देहाचं हसू, त्याबरोबर टेंगूळही वरखाली होऊ लागलं. त्यांनी खुर्ची नाकारली. एका हातात कप आणि दुसऱ्या हातात बटाटेवडा घेऊन ते अख्खा चहा टेंगळावर उभे राहून प्यायले आणि त्यांचं वजन असेपर्यंत दार छान उघडं राहिलं. त्याच दारातून काका वर आले आणि पाचवा वडा संपवून म्हणाले, 'खाल्ला'. तेवढं एक क्रियापद बरोबर होतं.

जाताना साहेब दाराबाहेर गेले आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

निरोप धाडल्यावर मंगळवारी मिस्त्री आला. टेंगूळ पाहिलं. मग भिंतीच्या कडेला बसून नखाने पुट्टी खरवडली. "किसने किया?" त्याने विचारलं.

हे खिडकीबाहेर पाहू लागले. एवढा अधिकारी माणूस, पण मान अशी वळवली होती की मला शाळेतल्या मुलाची आठवण झाली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, चक्क मराठीत, "मी केलं. मुंग्या यायच्या तिथून."

मिस्त्रीला 'मुंग्या' कळलं नसावं, पण 'मी' कळलं. त्याने सासूबाईंच्या बोटांकडे पाहिलं. मग पुट्टीकडे पाहिलं, जिच्यात ह्यांच्या अंगठ्याचे ठसे सरकारी कागदावर उठावेत तसे हातभर अंतराने उठले होते. पिशवीतून त्याने पटाशी काढली आणि ह्यांच्या हातात दिली.

"बैठिए, बाबू," तो म्हणाला.

आणि हे बसले. सगळी सकाळ, ऑफिसला रजा टाकून, मिस्त्री दाखवील तिथून ते पुट्टी आणि ठोकळे काढत राहिले. एखादा ठोकळा निघाला की जमीन 'टक्' असा आवाज करी. मधेच ते आईकडे न बघता म्हणाले, "मिस्त्रीजी, मैंने भरा था." मिस्त्री म्हणाला, "जानता हूँ. इधर का टुकड़ा पकड़िए." सासूबाई उठून चहा करायला गेल्या. चौथ्या भिंतीचे ठोकळे निघाले तशी जमीन लांब सुस्कारा टाकावा तशी सरकली आणि टेंगूळ अर्ध्यावर आलं. उरलेलं चार-सहा दिवसांत बसेल, असं मिस्त्रीने सांगितलं.

पण त्याचं समाधान झालं नव्हतं. फळी हाताने चाचपत तो म्हणाला, फटी बुजवल्याने एवढं होणार नाही. लाकूड पाणी प्यायलंय. पाणी कुठून आलं? त्याने माझ्याकडे पाहिलं.

आता इथे मी बोलायला हवं होतं. ह्यांनी कबूल केलं, सासूबाईंनी तर न केलेलंही कबूल केलं. मी मात्र वर छताकडे पाहिलं. का पाहिलं, देव जाणे. माझ्याबरोबर ह्यांनी वर पाहिलं, सासूबाईंनी पाहिलं, दारात उभे असलेले काकाही बघू लागले.

"छत गळतो?" काका घाबरून म्हणाले.

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, तोवर सत्तरीचा तो माणूस छत्री घेऊन गच्चीकडे निघालासुद्धा. अर्धा तास ते पावसात गच्चीवर वाकून भेगा शोधत होते. एकही सापडली नाही, पण गणिताचा माणूस, त्यांनी निष्कर्ष काढला की भेग आहे, फक्त बारीक आहे. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी दोन माणसं लावून सगळ्या गच्चीला डांबर फासून घेतलं.

त्यानंतर मी पाण्याची बादली त्या खोलीत नेली नाही. आम्ही त्या घरात आणखी चार वर्षं राहिलो. छतातून एक थेंबही गळला नाही, आणि दर पावसाळ्यात काका ट्रामच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "बघा, सूनबाई, डांबर लावली तेव्हापासून कसा कोरडा आहे!"

सासूबाई त्यांचं व्याकरण दुरुस्त करायच्या. मी मान डोलवायची.